उर्मट आणि नशीबवान? ग्रेग पॉपोविच यांच्याविषयीचे गैरसमज

सॅन अँटोनिओ स्पर्सचे माजी प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांच्याविषयी बास्केटबॉलच्या चाहत्यांमध्ये दोन मते घट्ट रुजली आहेत. एक, माणूस उर्मट आहे. दोन, टिम डंकन हाती लागला म्हणून जिंकला. 29 हंगाम एकाच संघाला शिकवून, एनबीएची पाच विजेतेपदे मिळवून ते 2025 च्या मे महिन्यात पदावरून बाजूला झाले, तरी ही मते काही हलली नाहीत. पहिले मत सामन्यादरम्यान होणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या मुलाखतींवर उभे आहे आणि दुसरे 1997 च्या एका लॉटरीवर. दोन्ही घटना खऱ्या आहेत. त्यांवरून काढलेले निष्कर्ष मात्र चुकीचे आहेत, असे माझे ठाम मत आहे.

गैरसमज : डंकन मिळाला नसता तर पॉपोविच हे नाव कुणाला माहीतही झाले नसते

या समजात तथ्याचा मोठा अंश आहे. स्पर्सची पाचही विजेतेपदे, 1999, 2003, 2005, 2007 आणि 2014, डंकन संघात असतानाची आहेत. तो ज्या वाटेने संघात आला तीही नशिबाचीच. एनबीएत नव्या खेळाडूंची निवड ‘ड्राफ्ट’मधून होते आणि पहिल्या निवडीचा मान तळाच्या संघांमध्ये लॉटरी काढून ठरतो. 1996-97 च्या हंगामात स्पर्सचा आधारस्तंभ डेव्हिड रॉबिन्सन दुखापतींमुळे अवघे सहा सामने खेळला. संघ 3 विजय आणि 15 पराभवांवर असताना जनरल मॅनेजर असलेल्या पॉपोविच यांनी प्रशिक्षक बॉब हिल यांना काढले आणि ती जागा स्वतः घेतली. रॉबिन्सन परतण्याच्या बेतात असतानाच हे घडल्यामुळे चाहते खवळले आणि तो राग समजण्यासारखा होता. पुढे रॉबिन्सनचे पाऊल मोडले, संघाने 82 पैकी 62 सामने गमावले आणि लॉटरीत बॉस्टनची शक्यता जास्त असूनही चिठ्ठी स्पर्सच्या नावाने निघाली.

इथवर नशीब. पण पहिल्या क्रमांकाचा महान खेळाडू मिळाला की विजेतेपदे आपोआप येतात, असे एनबीएचा इतिहास सांगत नाही. शकील ओनील 1992 मध्ये ऑर्लँडोला मिळाला आणि चार वर्षांत विजेतेपदाविना निघून गेला. लेब्रॉन जेम्स 2003 मध्ये क्लीव्हलँडला मिळाला. सात वर्षे वाट पाहून 2010 मध्ये तोही रिकाम्या हाताने गेला. डंकनलाही 2000 च्या उन्हाळ्यात ऑर्लँडोने जोरदार गळ घातली होती. तो थांबला आणि तब्बल 19 हंगाम थांबला. नियमित हंगामात या जोडीने 1,001 सामने जिंकले. खेळाडू आणि प्रशिक्षक एकमेकांजवळ इतकी वर्षे टिकतात तेव्हा त्यामागे लॉटरीपेक्षा वेगळे काहीतरी असते.

डंकनच्या शेजारी कोण खेळत होते हे पाहिले की प्रशिक्षकाची आणि त्याच्या निवड-मंडळींची पारख कळते. टोनी पार्कर 2001 च्या ड्राफ्टमध्ये 28 वा होता. मनू जिनोबिली 1999 मध्ये 57 वा, म्हणजे जवळजवळ यादीच्या शेवटी. ब्रूस बोवेनला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलेच नव्हते. तो लीगमधला सर्वांत चिवट बचावपटू ठरला. डॅनी ग्रीनला क्लीव्हलँडने सोडून दिले होते, बोरिस डिऑला शार्लटने. ग्रीनला तर खुद्द स्पर्सनेही आधी काढून मग परत घेतले होते. डंकन 2016 मध्ये निवृत्त झाला, त्याच्या पुढच्याच हंगामात या संघाने 61 सामने जिंकले. सलग 22 हंगाम हा संघ प्लेऑफमध्ये पोहोचला आणि त्यातले शेवटचे तीन डंकनशिवायचे आहेत.

डंकन येण्याआधीचे पॉपोविचही पाहायला हवेत. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीतून 1970 मध्ये ते सोविएत अभ्यासाची पदवी घेऊन बाहेर पडले. 1979 मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातल्या पोमोना-पिट्झर या छोट्या महाविद्यालयीन संघाची सूत्रे घेतली. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नव्हती, प्रेक्षक तुरळक. पहिल्या हंगामात 2 विजय आणि 22 पराभव. त्यांतला एक पराभव कॅलटेककडून होता, आणि कॅलटेक तोवर आपल्या गटात सलग 99 सामने हरलेला संघ होता! इतक्या खालून सुरुवात करून 1986 पर्यंत त्यांनी त्याच महाविद्यालयाला गटाचे विजेतेपद मिळवून दिले. तिथे कुणी डंकन नव्हता.

गैरसमज : माणूस तुसडा आणि गर्विष्ठ आहे

टीव्हीवरच्या मुलाखतींनी ही कीर्ती झाली. एनबीएच्या प्रक्षेपणात क्वार्टर संपल्यावर प्रशिक्षकाला कॅमेऱ्यासमोर उभे राहून दोन प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. सामना डोक्यात चालू असतानाची ती सक्ती पॉपोविच यांना कधीच पटली नाही. ते एका शब्दात उत्तर देत, कधी प्रश्नालाच नावे ठेवत. समोरच्या वार्ताहराची यात कुचंबणा होई, आणि तो त्याच्या पोटापाण्याचा उद्योग होता, हे विसरता येत नाही. मला हे वागणे आवडले नाही आणि त्याचे कौतुक करणाऱ्या चाहत्यांशी मी सहमत नाही.

परंतु त्यावरून माणसाचा स्वभाव ठरवायचा तर पुढचेही पाहावे लागेल. या मुलाखतींत सर्वाधिक सहन केले ते वार्ताहर क्रेग सेगर यांनी. 2014 च्या वसंतात सेगर यांना रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा एका प्लेऑफ सामन्यात त्यांच्या जागी त्यांचा मुलगा माइक घेऊन उभा राहिला. पॉपोविच यांनी त्याची पाठ थोपटली, तुझ्यापेक्षा तुझे वडील इथे असते तर मला अधिक बरे वाटले असते असे सांगितले आणि कॅमेऱ्यात पाहून सेगर यांना लवकर परत या म्हणून बजावले.

संघाच्या आत तर चित्र पूर्ण वेगळे आहे. पॉपोविच यांचे ओरडणे सर्वांत जास्त कुणी ऐकले असेल तर ते डंकनने. संघातला सर्वश्रेष्ठ खेळाडू सगळ्यांदेखत बोलणी खातो आणि मुकाट्याने चूक सुधारतो, हे पाहिल्यावर बाराव्या खेळाडूला तक्रार करायला जागा उरत नाही. पण हे ओरडणे पचते, कारण त्याला दुसरी बाजू असते. दौऱ्यावर संघाने एकत्र बसून तासन्‌तास जेवायचे, खेळाखेरीज जगाविषयी बोलायचे, हा त्यांचा परिपाठ होता. जून 2014 मध्ये अंतिम मालिका तोंडावर असताना त्यांनी संघाची बैठक सुरू केली ती एडी माबो यांच्या गोष्टीने. ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासींचा जमिनीवरचा हक्क न्यायालयात सिद्ध करणारे हे माबो, संघातल्या पॅटी मिल्सच्या नात्यातले. आपल्या माणसांचा लढा अमेरिकेत कुणाला ठाऊक असेल असे मिल्सला वाटलेही नव्हते. त्याच बैठकीत मग प्रतिस्पर्ध्याच्या चाली पाहिल्या गेल्या.

डंकन निवृत्त झाला तेव्हा पॉपोविच त्याचे चित्र असलेला टीशर्ट घालून पत्रकारांसमोर आले आणि बोलताना त्यांचा कंठ दाटला. डंकनच्या वडिलांनी मृत्यूपूर्वी त्यांच्याकडून एक वचन घेतले होते : खेळ संपेल तेव्हाही माझा मुलगा आज आहे तसाच माणूस राहिला पाहिजे. ते वचन पाळले गेले, असे त्यांनी त्या दिवशी सांगितले. गर्विष्ठ माणसाकडे कुणी बाप असे मागणे मागत नाही.

2014 मध्ये त्यांनी बेकी हॅमन यांना पूर्ण वेळ साहाय्यक प्रशिक्षक नेमले, एनबीएतली अशी ही पहिली महिला. 30 डिसेंबर 2020 ला पंचांशी वाद घातल्याबद्दल पॉपोविच यांना मैदानाबाहेर काढले, तेव्हा जाताजाता त्यांनी संघ हॅमन यांच्या हाती सोपवला. या एका प्रसंगात त्यांचा तापटपणाही दिसतो आणि माणसांवरचा विश्वासही.

गैरसमज : त्यांचा खेळ संथ आणि साचेबंद

2007 पर्यंतचे सामने पाहून हे मत झाले असेल तर ते निराधार नाही. तेव्हा चेंडू डंकनकडे द्यायचा, बचाव कडेकोट ठेवायचा आणि कमी गुणांत सामना काढायचा, अशी पद्धत होती. पण 2011 मध्ये 61 विजय मिळवलेला स्पर्स आठव्या मानांकनाच्या मेम्फिसकडून पहिल्याच फेरीत हरला आणि हा संघ म्हातारा झाला असे सगळे म्हणू लागले. साठीच्या उंबरठ्यापलीकडे गेलेल्या, चार विजेतेपदे नावावर असलेल्या प्रशिक्षकाने तेव्हा आपलीच पद्धत मोडायचे काम आणखी पुढे नेले. वेग वाढवला, चेंडू कुणाच्याही हातात थांबू नये असा दंडक घातला, कोपऱ्यातल्या तीन गुणांच्या फेकीवर भर दिला. स्वतः त्या फेकीविषयी त्यांना फारसे प्रेम नव्हते, हे त्यांनी अनेकदा बोलून दाखवले आहे. 2013-14 मध्ये संघाने लीगमध्ये सर्वाधिक 62 सामने जिंकले आणि एकाही खेळाडूची खेळण्याची सरासरी सामन्यामागे 30 मिनिटांपर्यंत गेली नाही. एनबीएत हे प्रथमच घडले.

गैरसमज : खेळाडूंना विश्रांती देऊन त्यांनी प्रेक्षकांना फसवले

नोव्हेंबर 2012 मध्ये मायामीतल्या सामन्याआधी त्यांनी डंकन, पार्कर, जिनोबिली आणि ग्रीन यांना घरी पाठवले. एनबीएने संघाला अडीच लाख डॉलर दंड केला. तिकीट काढून आलेल्याची नाराजी रास्तच होती. पण थकलेल्या शरीराला दुखापत लवकर होते हे आज प्रत्येक संघ मानतो, आणि विश्रांती इतकी सर्रास झाली की 2023 मध्ये लीगला तिच्यावर नवे नियम घालावे लागले.

गैरसमज : पॉपोविच चुकत नाहीत

हा त्यांच्या भक्तांचा आहे आणि तोही तितकाच घातक. 2013 च्या अंतिम मालिकेतल्या सहाव्या सामन्यात 28 सेकंद उरले असताना स्पर्स पाच गुणांनी पुढे होता. तीन गुणांची फेक अडवण्यासाठी चपळ खेळाडू हवेत म्हणून त्यांनी डंकनला बाकावर बसवले. मायामीचे दोन नेम चुकले आणि दोन्ही वेळा रिबाउंड मायामीनेच घेतला. दुसऱ्यांदा ख्रिस बॉशने. त्याच्या पासवर रे ॲलनने उरलेली आघाडी पुसत 5.2 सेकंद बाकी असताना बरोबरी साधली. तो सामना गेला, सातवाही गेला. निर्णयामागे तर्क होता, पण किंमत विजेतेपदाची पडली.

2017 मध्ये लामार्कस ऑल्ड्रिजने संघ सोडू द्या असे तोंडावर सांगितले, तेव्हा चर्चेअंती आपणच त्याला गरजेपेक्षा जास्त शिकवत होतो हे पॉपोविच यांनी उघडपणे मान्य केले. कवाय लेनर्डशी दुखापतीवरून झालेला बेबनाव मात्र मिटवता आला नाही. 2018 मध्ये तो टोरांटोला गेला आणि पुढच्याच वर्षी तिथे विजेता झाला. 2019 च्या विश्वचषकात त्यांच्या हाताखालचा अमेरिकी संघ सातवा आला. टोकियो ऑलिंपिकमध्येही पहिलाच सामना फ्रान्सकडून गमावला. मग अंतिम फेरीत त्याच फ्रान्सला 87-82 असे हरवून सुवर्ण मिळवले. स्पर्सबरोबरच्या अखेरच्या काही हंगामांत पराभवच जास्त आहेत.

नोव्हेंबर 2023 मध्ये लेनर्ड पाहुण्या संघाकडून सॅन अँटोनिओत खेळत होता आणि घरचे प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत होते. पॉपोविच उद्‌घोषकाच्या टेबलाशी गेले, माइक घेतला आणि आपल्याच चाहत्यांना ते थांबवायला सांगितले. चाहत्यांना ते रुचले नाही. सोडून गेलेल्या खेळाडूसाठी घरच्या प्रेक्षकांचा रोष पत्करणारा हा प्रशिक्षक आहे.

1,422 विजय, म्हणजे एनबीएच्या नियमित हंगामात कोणत्याही प्रशिक्षकाच्या नावावरचे सर्वाधिक, तीन वेळा वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक आणि 2023 मध्ये हॉल ऑफ फेम, ही नोंद कुठेही सापडेल. ज्यांना अजून शंका आहे त्यांनी 2014 च्या अंतिम मालिकेतला तिसरा सामना शोधून त्याचा फक्त पूर्वार्ध पाहावा. पहिल्या 21 फेकींपैकी 19 बास्केटमध्ये गेल्या, पूर्वार्धात 71 गुण झाले. त्यात डंकनकडे न बघता चेंडूकडे बघा, आणि तो किती हातांतून जातो ते मोजा.