आधी दाब, मग खडा : यकृतातील खड्यांवरील शस्त्रक्रियेचा क्रम

वरळीच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात उभ्या राहिल्या. १६० चौरस फुटांच्या एकेका खोलीत गिरणी कामगारांच्या पिढ्या नांदल्या. आता तेथे उंच इमारती उभ्या राहत असून ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घर बदलले, तरी मोठ्या आजारात जवळचा आधार म्हणजे परळचे केईएम रुग्णालय. १९२६ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयाला जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीतील देणगीतून उभे राहिले. तेथे भारतीय डॉक्टरच नेमावेत, ही त्या देणगीची अट होती.

अशा मोठ्या रुग्णालयातील अनुभवी हातांची खरी गरज भासते तो आजार म्हणजे यकृताच्या पित्तनलिकेतील खडे आणि पोर्टल शिरेतील वाढलेला दाब यांचे एकत्र येणे. ‘खडा आहे, काढून टाका’ हा नेहमीचा विचार येथे घातक ठरू शकतो.

दोन आजारांची गाठ

आतडी व प्लीहा यांच्याकडील रक्त पोर्टल शिरेवाटे यकृतात जाते. ही शीर बंद पडली किंवा यकृत कठीण झाले, की रक्त आडवाटा शोधते. अन्ननलिकेतील शिरा फुगतात, प्लीहा वाढते. शीरच बंद पडली असेल, तर पित्तनलिकेभोवतीही नाजूक शिरांचे जाळे तयार होते. भारतात लहान वयातच पोर्टल शीर बंद पडलेले रुग्ण बरेच आढळतात. त्यांचे यकृत बहुधा चांगले असते. मात्र या शिरांनी नलिका दाबली गेली, की पित्त साचून खडे बनतात. काही रुग्णांत क्रम उलटा असतो. वर्षानुवर्षे राहिलेले खडे वारंवार जंतुसंसर्ग घडवितात, यकृताला सिरॉसिस होतो आणि त्यातून दाब वाढतो. मूळ आजार कोणता, हे डॉपलर सोनोग्राफी, सीटी स्कॅन व एमआरसीपी या तपासण्यांवरून ठरते.

उपचारांच्या पायऱ्या

थंडी वाजून ताप, कावीळ व पोटदुखी एकत्र आल्यास प्रथम संसर्ग आवरावा लागतो. प्रतिजैविके देऊन ईआरसीपीद्वारे, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, पित्तनलिकेत स्टेंट बसवितात. दुर्बीण पोहोचत नसेल, तर त्वचेतून यकृतात नळी घालण्याचा मार्ग असतो. स्टेंट ठरलेल्या मुदतीत बदलावा लागतो. विसरल्यास तो तुंबतो.

पोर्टल शीर बंद असलेल्या रुग्णात पुढील पायरी दाब उतरविण्याची. सोयीच्या शिरा उपलब्ध असल्यास प्लीहा काढून तिची शीर डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला जोडतात. यास शंट शस्त्रक्रिया म्हणतात. दाब उतरल्यावर नलिकेभोवतीच्या शिरा आकसतात आणि अनेकांची कावीळ त्यानेच ओसरते. नलिका तरीही अरुंद राहिली, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेत ती आतड्याला जोडतात. हेच काम आधी केले, तर फुगलेल्या शिरांतून प्राणघातक रक्तस्राव होऊ शकतो. शंट न करता केवळ प्लीहा काढल्यास जोडण्याची उत्तम शीरच हातची जाते.

खडे यकृताच्या एकाच भागात असतील आणि उरलेले यकृत सक्षम असेल, तर तो भाग काढता येतो; दाब जास्त असल्यास हा पर्याय जोखमीचा ठरतो. सिरॉसिस बळावला असेल, तर यकृत प्रत्यारोपण हाच टिकाऊ उपाय. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४च्या कायद्यानुसार जवळचा नातेवाईक यकृताचा भाग देऊ शकतो. अन्यथा मृत्यूपश्चात दान मिळालेल्या यकृतासाठी प्रतीक्षायादीत नाव नोंदवावे लागते.

कुटुंबाने काय करावे

शस्त्रक्रियेस संमती देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत : पोर्टल शीर उघडी आहे का? यकृताची कार्यक्षमता किती? शंट शक्य आहे का? खड्यांवरील शस्त्रक्रिया आताच का? पोटविकारतज्ज्ञ, यकृत शल्यविशारद व रेडिओलॉजिस्ट यांचे एकत्रित मत घ्यावे. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखा काळा शौच झाल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. अशा रुग्णाने अठ्ठाई वा अन्य दीर्घ उपवासाचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी त्यास आग्रह करू नये.