शर्यत शेवटून येणाऱ्यांची

पेणहून वडखळ, नागोठणे आणि भिसे खिंड करीत रोह्यास जाणारा रस्ता सुमारे चाळीस किलोमीटरांचा आहे. मॅरेथॉन शर्यतीचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. म्हणजे एका तालुक्याच्या गावाहून निघून दुसऱ्या तालुक्याच्या गावापर्यंत धावत जावे, जवळपास तेवढीच ही जगप्रसिद्ध शर्यत. या मुलखाला पायपीट नवी नाही. बाजारासाठी, यात्रेसाठी, चाकरीसाठी येथील माणसे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पेण तालुक्यातील गागोदे या गावी जन्मलेले विनोबा भावे १९५१ पासून सुमारे तेरा वर्षे भूदानासाठी देशभर पायी हिंडले. परंतु गरजेपोटी किंवा ध्येयापोटी चालणे निराळे आणि पदरचे शुल्क भरून, छातीवर अंकपट्टी लावून घड्याळाशी झुंजणे निराळे. हा दुसरा प्रकार गेल्या काही वर्षांत महानगरांतून लहान गावांत आला. धावणाऱ्यांची व सायकल चालविणाऱ्यांची मंडळे निघाली आणि त्यांचे सभासद मुंबई, पुणे, सातारा येथील शर्यतींत उतरू लागले. या नव्या हौसेची किंमत कोण मोजतो आणि तिचा लाभ कोणाला होतो, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

अशा मंडळांतून कोण असते? शाळेतील शिक्षक, बँकेतील कारकून, दुकानदार, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि पाळीनुसार कामावर जाणारे कारखान्यांतील कामगार. डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प आणि धाटावची औद्योगिक वसाहत यांच्या भोंग्यांवर ज्यांचा दिवस बेतलेला, त्यांना सरावासाठी पहाटेखेरीज वेळ नाही. कोकणच्या दमट हवेत अंगावरचा घाम वाळत नाही, त्यामुळे ऊन चढल्यावर लांब अंतर धावणे जिकिरीचे होते. म्हणून ही माणसे उजाडण्यापूर्वी घराबाहेर पडतात. महिनोन्‌महिने असा सराव करून ती शर्यतीस जातात आणि हजारो स्पर्धकांत कोठेतरी मध्यावर किंवा शेवटाकडे पोचतात. दुसऱ्या दिवशी शेजारी विचारतो, ‘‘काय, कितवा नंबर आला?’’ खरे उत्तर दिले तर हसे होण्याची धास्ती, म्हणून बहुधा विषय बदलला जातो.

वस्तुतः येथे चूक उत्तराची नसून प्रश्नाची आहे. पहिल्या तिघांपलीकडे मोजायचे नाही ही आपली सवय जुनी आहे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील शर्यतींत ग्रामीण धावपटूंची चमक पाहून सर दोराबजी टाटांनी पुढाकार घेतला आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचे पथक गेले. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये ते एकोणिसावे आले. परक्या हवेत, जगातील निवडक धावपटूंच्या मेळ्यात एकोणिसावे येणे ही केवढी मोठी गोष्ट! तरीही हे नाव आज किती शाळांतून सांगितले जाते? सातारा जिल्ह्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ येथे तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे २०२४ मध्ये पॅरिसला त्याच शर्यतीत अकरावे आले. दुष्काळी टापूंतून निघून ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणाऱ्यांनाही ‘पदक नाही’ हे वाक्य ऐकावे लागते. मग पेण-रोह्याच्या कारकुनाची काय कथा!

लांब पल्ल्याच्या शर्यतीची गंमत अशी की, तीत बहुसंख्य स्पर्धकांचा प्रतिस्पर्धी शेजारचा धावपटू नसतोच. स्वतःची मागची वेळ हाच असतो. गेल्या वर्षी पाच तास लागले असतील, तर यंदा पावणेपाच लागावेत एवढीच ईर्ष्या. सायकलच्या ‘ब्रेव्हे’ या प्रकारात तर क्रमांकाची भानगडच ठेवलेली नाही. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे किलोमीटर चाळीस तासांत पुरे करावयाचे. मुदतीत आलेला प्रत्येक जण उत्तीर्ण. नाशिकच्या हितेंद्र व महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेचा पश्चिम किनारा ते पूर्व किनारा ही सुमारे ४,८०० किलोमीटरांची सायकल शर्यत दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या मुदतीत पुरी केली. त्यांचा व्यवसाय वैद्यकाचा; सायकल ही त्यांची हौस. हौशी माणूस नियमितपणाच्या बळावर कोठवर जाऊ शकतो, याचे हे उदाहरण आहे.

तथापि हौसेलाही जमाखर्च असतो. धावण्याचा चांगला जोडा सर्वसाधारणपणे पाचशे ते आठशे किलोमीटर टिकतो. आठवड्याला चाळीस किलोमीटर धावणाऱ्याचे वर्षाकाठी दोन हजारांहून अधिक किलोमीटर होतात. म्हणजे वर्षाला तीन-चार जोड. त्यावर प्रवेशशुल्क आणि प्रवास. मुंबईची मॅरेथॉन पहाटे सुरू होते. पेण-रोह्याच्या स्पर्धकाला आदल्या रात्रीच मुक्कामास जावे लागते आणि अंकपट्टी घेण्यासाठी त्याआधी एक खेप करावी लागते. महानगरातील माणसाला जी शर्यत एका सकाळची, ती लहान गावच्या माणसाला एका रजेची व दोन प्रवासांची पडते.

मंडळाचे खरे कार्य येथे दिसते. चौघांनी मिळून गाडी केली की प्रवास परवडतो. टायर बदलण्याची हत्यारे, हवेचा पंप, दुखऱ्या गुडघ्यावरचा अनुभवी सल्ला या गोष्टी एकट्याला महाग व दहा जणांना स्वस्त पडतात. त्याहून मोलाची गोष्ट विकत मिळतच नाही. ‘उद्या पाचला चौकात’ असे चारचौघांत ठरले की अंथरुण सोडावेच लागते. एकट्याचा निश्चय आळसापुढे हरतो. दिलेला शब्द सहसा हरत नाही. स्त्रियांच्या बाबतीत तर मंडळ ही सोय नसून पूर्वअटच ठरते. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना मॅरेथॉन धावण्याची मुभा १९८४ साली मिळाली, हे लक्षात घेतले म्हणजे लहान गावात पहाटेच्या अंधारात धावावयास निघणाऱ्या गृहिणीने किती अंतर कापले आहे याची कल्पना येते. चार जणींची सोबत असली तरच तो उंबरठा ओलांडला जातो.

या उद्योगाचा लाभ केवळ धावणाऱ्याला होतो असेही नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आणखी १३ कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. या व्याधीचा खर्च कुटुंब सोसते, सरकारी रुग्णालय सोसते आणि गेलेल्या कामाच्या दिवसांतून सारा समाज सोसतो. जो स्वखर्चाने निरोगी राहतो तो या सामाईक बोजातील आपला वाटा हलका करतो. त्याला पाहून शेजारचा निदान चालू लागला, तर तो लाभ कोणाच्याच हिशेबात लिहिला जात नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. हे सारे पगारदारांचे चोचले आहेत. शेतात राबणाऱ्याला किंवा गणपतीच्या कारखान्यात दिवसभर माती मळणाऱ्याला वेगळ्या व्यायामाची गरज काय, असे विचारले जाते. खरेच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, आणि ती बहुतांशी कामावर जाण्यासाठी होती, शर्यतीसाठी नव्हे. परंतु हा आक्षेप जेथे संपतो तेथूनच खरा प्रश्न सुरू होतो. साध्या सायकलीवरून पाळीला जाणारा कामगार आणि महागड्या सायकलीवरून सरावास निघालेला स्पर्धक हे दोघेही रस्त्याच्या एकाच कडेवर असतात. आणि ती कडच आज जागेवर नाही.

मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये हाती घेण्यात आले. पेण, वडखळ, नागोठणे ही गावे याच टप्प्यावर येतात. हे काम एका तपाहून अधिक काळ रेंगाळले. खड्डे, वळणवाटा आणि अर्धवट कामे यांतून अवजड मालमोटारींच्या शेजारून ज्यांना जावे लागले, त्यांत पायी चालणारे व सायकलस्वार होतेच. २०२२ मध्ये देशातील रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. पहाटेच्या अंधारात रस्त्यावर उतरणाऱ्याच्या लेखी हा आकडा कागदावरचा नाही. त्याच्या घरच्यांचे लक्ष तो परतेपर्यंत दाराकडे लागलेले असते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पादचारी व विनामोटार वाहने यांच्यासंबंधी नियम करण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. असे नियम सहा महिन्यांत करावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. नियम कागदावर येतील तेव्हा येवोत. गावाच्या पातळीवर पुष्कळ काही अल्प खर्चात होण्यासारखे आहे. रविवारी पहाटे दोन तास एखादा अंतर्गत रस्ता नगरपरिषदेने व पोलिसांनी मिळून वाहनांस बंद ठेवावा. शाळांची मैदाने पहाटे उघडी असावीत. रस्त्याची कड डांबरी, सपाट व पांढऱ्या पट्ट्याने वेगळी केलेली असावी. रस्त्यावरील रहदारी मोजताना केवळ मोटारी न मोजता पायी व सायकलीवरून जाणारेही मोजावेत. कारण जे मोजले जात नाहीत त्यांच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही.

मंडळांनीही आपल्या बाजूचे कर्तव्य ओळखावयास हवे. घोळक्याने रस्ता अडवू नये, दिवा व चकाकती पट्टी यांवाचून कोणी निघू नये. आणि मुख्य म्हणजे ही मागणी केवळ सभासदांसाठी न करता पाळीला जाणाऱ्या कामगारासाठी व सायकलीवरून शाळेत जाणाऱ्या मुलीसाठीही करावी. तसे झाले तर शर्यतीची हौस ही गावाची सोय होईल.

मॅरेथॉनमध्ये विजेता सव्वादोन तासांच्या आतच परतलेला असतो. त्यानंतर कित्येक तास माणसे येतच राहतात. कोणी लंगडत, कोणी चालत. पेणचा शिक्षक आणि रोह्याचा कामगार त्यांतच कोठेतरी असतो. दुसऱ्या दिवशी त्याला नंबर विचारण्याऐवजी ‘‘पुरी केलीत ना?’’ एवढे शेजाऱ्याने विचारावे. आणि रोजच्या सरावाहून तो सुखरूप घरी पोचला की नाही, हे विचारण्याची जबाबदारी मात्र गावाने घ्यावी.