मन ऐकायला किती अंतर चालतं?

मोताळा तालुक्यातलं रोहिणखेड बालाघाटाच्या थेट पायथ्याशी वसलेलं आहे. खुदावंतखान महदवीने १५८२ साली बांधलेली छोटी, देखणी मशीद ही गावाची जुनी ओळख. त्याच्याही आधी, १४३७ साली इथे एक लढाई झाली, आणि तिचं कारण मोठं घरगुती होतं. खानदेशच्या नसीरखानाची मुलगी बहामनी सुलतान अलाउद्दीनला दिली होती. सासरी तिचे हाल चालले आहेत हे बापाच्या कानी आलं आणि तो फौज घेऊन वऱ्हाडात उतरला. रोहिणखेडला बहामनी सरदार खलफ हसनने त्याचा धुव्वा उडवला आणि पार बुऱ्हाणपूरपर्यंत त्याचा पाठलाग केला. लेकीचं दुःख कित्येक कोस दूर पोचलं, पण ते ऐकून नेमकं काय करायचं हे बापाला उमगलं नाही!

आज याच गावातून कुणीही १४४१६ हा क्रमांक फिरवू शकतो. १० ऑक्टोबर २०२२ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झालेली ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा चोवीस तास चालते, मराठीतही बोलते, आणि तिचं शिखर केंद्र आहे बेंगळुरूची निम्हान्स संस्था. खाजगी समुपदेशकही आता व्हिडिओवर भेटतात. यावर पहिली शंका ठरलेली असते: माणूस समोर नसेल तर मनावर उपचार होणार तरी कसा?

गंमत अशी की या विद्येच्या जनकालाच समोर बसणं नको होतं. फ्रॉइड रुग्णाला कोचावर झोपवायचा आणि स्वतः त्याच्या डोक्यामागे बसायचा. दिवसाचे आठ-आठ तास लोकांनी आपल्याकडे टक लावून पाहिलेलं सोसवत नाही, असं त्याने मोकळेपणी लिहून ठेवलं आहे. घोड्यांना घाबरणाऱ्या छोट्या हान्सची त्याची केस १९०९ साली प्रसिद्ध झाली. ती सगळी हान्सच्या वडिलांच्या टिपणांवर आणि पत्रांवर चालली होती. त्या उपचारात फ्रॉइड मुलाला भेटला तो एकदाच. पुढे अमेरिकेतल्या नेब्रास्कात सेसिल विटसन यांनी दुहेरी दूरचित्रवाणीवर गट-उपचार करून पाहिले, आणि १९६४ साली १८० किलोमीटरवरचं मनोरुग्णालय पडद्याने जोडून घेतलं. मोबाइल तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता.

मग उपचाराला लागतं तरी काय? एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ साली याची मांडणी केली: काय साधायचं यावर दोघांचं एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि आपसातला विश्वास. या तिन्हींत खोली कुठेच येत नाही. नैराश्यावरचा एक साधा उपचार पाहा. ज्या कामांतून थोडंफार बरं वाटायचं ती माणसाने सोडून दिलेली असतात. त्यातलं एक छोटं काम निवडायचं, दिवस आणि वेळ ठरवायची, केल्यावर कसं वाटलं ते पुढच्या भेटीत सांगायचं. हे फोनवरून होण्यासारखंच आहे. नैराश्य आणि चिंता यांवरच्या अनेक अभ्यासांत इंटरनेटवरून दिलेले उपचार समोरासमोरच्या उपचारांच्या तोडीस तोड ठरले आहेत.

तरीही तारेवरून येताना काहीतरी गळतं, आणि मला सगळ्यात थक्क करतं ते हेच. दोन माणसं बोलत असताना एकाचं थांबणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यांत सरासरी फक्त २०० मिलिसेकंद जातात. जगभरातल्या दहा भाषा तपासून २००९ साली हे मोजलं गेलं. म्हणजे समोरच्याचं वाक्य संपायच्या आतच आपलं उत्तर तयार होत असतं. या नाजूक तालात नेटवर्कने जरा उशीर घुसवला की काय होतं? २०१४च्या एका जर्मन प्रयोगात दिसलं की लोक दोष यंत्राला देत नाहीत. पलीकडचा माणूसच त्यांना कमी आपुलकीचा, लक्ष नसलेला वाटू लागतो. सारा खेळच विश्वासाचा, आणि त्याला सुरुंग लावतो एक अशक्त टॉवर! शिवाय उपचारात शांततेलाही अर्थ असतो. रुग्ण गप्प झाला तर तो रडू आवरतोय की चित्र अडकलंय? अनुभवी समुपदेशक म्हणूनच आधी ठरवून ठेवतात की लाइन तुटली तर कुणी कुणाला फोन करायचा.

डोळ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. कॅमेरा वर, चेहरा खाली; तुमच्या डोळ्यांत पाहणारा माणूस तुम्हाला नेहमी खाली पाहताना दिसतो. त्यात कोपऱ्यात स्वतःचंच तोंड दिसत राहतं. ती चौकट बंद केलेली बरी.

गावात मात्र हिशेब थोडा फिरतो. घाट चढून बुलढाण्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं म्हणजे मजुरी बुडणार, एसटीचं भाडं पडणार, आणि दवाखान्याच्या दारात ओळखीचं कुणी भेटलं की संध्याकाळपर्यंत गावभर चर्चा. फोनने हे सगळं टळतं. पण दवाखान्याच्या खोलीला एक दार होतं. घरात सासू स्वयंपाक करतेय, मुलं अभ्यासाला बसलीत, अशा वेळी सून ‘मला जगावंसं वाटत नाही’ हे कुठे बसून बोलणार? इअरफोनने पलीकडचा आवाज लपतो, स्वतःचा नाही. वावरात जावं तर तिथे रेंज असेलच असं नाही. म्हणून काही प्रश्न फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर उत्तर देता येईल असे विचारावे लागतात. सुरुवातीलाच आणखी दोन गोष्टी विचारायच्या असतात: आत्ता तुम्ही नेमके कुठे आहात, आणि गरज पडली तर जवळच्या कुणाला कळवायचं? जिवावरचा प्रसंग आला तर पडद्यातून हात पुढे करता येत नाही. दाराशी पोचू शकेल असा माणूस त्याच गावचा लागतो.

तो माणूस किती फरक पाडतो हे आपल्या अमरावती जिल्ह्यातच दिसलं आहे. विश्राम प्रकल्पात ३० गावांमध्ये स्थानिक आरोग्यसेवकांनी दारोदार जाऊन मनाच्या दुखण्याबद्दल बोलायला सुरुवात केली. आधी नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोकांनी मदत घेतली होती. दीड वर्षात ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. फोन त्यांतल्या अनेकांकडे आधीही असणार.