आधी कागद, मग कापड

सुरतेत कापडाला तोटा नाही. लिंबायत-उधन्याच्या वस्तीत तर घराघरांतून साडी नांदते. रिंग रोडच्या बाजारात जाणाऱ्या साड्यांना लेस लावणे, खडे चिकटविणे, सुटे धागे कापणे ही कामे कितीतरी आया-बहिणी घरी बसून करतात. खानदेशातून उधना-जळगाव लोहमार्गाने येथे येऊन स्थिरावलेली आपली अनेक कुटुंबे या कापडावरच उभी आहेत. तरीही या कापडाच्या नगरीत एक वस्तू जपून वापरावी लागते. ती म्हणजे साडीला जोडून येणारा पोलक्याचा तुकडा. तो सुमारे ८० सेंटिमीटरांचा असतो, आणि त्याच रंगाचा व काठाचा दुसरा तुकडा मिळत नाही. नवशिक्या हाताने तो वेडावाकडा कापला गेला, तर सारी साडीच पेटीत पडून राहते. म्हणून कागदी नमुना अंगाच्या मापास कसा जुळवून घ्यावा, याचा विचार आम्ही येथे करणार आहो.

आपल्या आजीच्या खणाच्या चोळीस हा प्रश्न फारसा पडत नसे. गुळेदगुडच्या खणाचे चौकोनी व तिकोनी तुकडे जोडून ती शिवली जाई, आणि पुढे गाठ मारली जाई. अंग थोडे भरले तर गाठ सैल, रोडावले तर घट्ट. हुकांच्या पोलक्याने ही सवलत काढून घेतली. त्याला माप नेमके लागते.

तयार कागदी नमुने मापवार विकण्याची कल्पना १८६३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने अमलात आणली. मापवार नमुन्यामागे एक गृहीत असते : छाती वाढली म्हणजे खांदा, पाठ, दंड हेही त्याच प्रमाणात वाढतात. परंतु माणसे अशी प्रमाणात घडत नाहीत. ३४ छातीच्या दोन मैत्रिणी शेजारी उभ्या केल्या, तर एकीचे खांदे उतरते आणि दुसरीचे चौकोनी निघतील. नमुना बसला नाही, तर दोष अंगाचा नव्हे. कागदाने अंगाकडे यावयाचे असते.

नमुना निवडताना खांदा व गळा ज्याचा जुळेल तो घ्यावा. छाती-कंबर कमीजास्त करणे सोपे, गळा-खांदा दुरुस्त करणे कठीण. नमुन्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये. टेप लावून कागदच मोजावा. शिवणीची माया, हुकांची पट्टी आणि टक्समध्ये जाणारे कापड वजा करून उरेल, तेच पोलक्याचे खरे माप. त्यात अंगाच्या मापापेक्षा इंचभर ढिलाई हवी, नाहीतर हात वर करणेच मुश्किल. (देशात दशमान मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला, कापडही मीटरवर मिळते, शिंप्याच्या तोंडी मात्र अजून इंचच आहे. टेपच्या दोन बाजू दोन मापांच्या असतात. एकदा एक बाजू धरली की शेवटपर्यंत तीच धरावी.)

पहिल्याने उंची साधावी, नंतर रुंदी. उंची वाढविताना खालच्या काठास पट्टी जोडण्याचा मोह होतो. तसे केल्यास कंबरेचा आकार वरच राहतो. त्याऐवजी छाती व कंबर यांच्या मध्ये कागद आडवा कापून दोन तुकड्यांत हवे तेवढे अंतर सोडावे व मागून पट्टी चिकटवावी. रुंदीत बेरीज-वजाबाकी लागते. समजा, अंगाची छाती ३४ इंच, ढिलाईसह ३५ हवी, आणि कागद शिवून ३३ इंच होतो. उणे पडले २ इंच. बगलेतील शिवणी दोन आणि त्यांचे काठ चार. म्हणून प्रत्येक काठास अर्धाच इंच वाढवावयाचा. येथेच पुष्कळांचा हिशेब चुकतो, कारण बाहीची आठवण राहत नाही. पुढचा व मागचा मिळून प्रत्येक मुंढा १ इंचाने मोठा झाला. तेव्हा बाहीही दोन्ही कडांना अर्धा अर्धा इंच वाढविली पाहिजे.

यापुढचे काम आकडे करीत नाहीत, डोळे करतात. अंगावर कापड चढल्यावर पडणाऱ्या सुरकुत्या वाचता आल्या पाहिजेत. छातीवर आडवे ताण हुकांकडे ओढले जात असतील, तर कापड अपुरे आहे. गळ्याच्या बाजूकडून काखेकडे तिरपे सळ उतरत असतील, तर खांदे नमुन्यापेक्षा उतरते आहेत. अशा वेळी खांद्याची बाहीकडील बाजू पाव इंच खाली आखावी, आणि काखेशी मुंढाही तेवढाच खाली न्यावा. नाहीतर मुंढा आवळतो.

पोलके मागून वर चढत असेल तर? आमच्या मते लिंबायतमध्ये याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. जी माउली वर्षानुवर्षे मान खाली घालून साडीवर खडे लावते, तिची पाठ वरच्या बाजूस गोलावते. त्या गोलाईवरून जाण्यास कापडाला जास्त लांबी लागते, आणि नमुन्यात ती नसते. कापड खालून वर ओढले जाते आणि ती बिचारी दिवसभर पोलके खाली ओढीत बसते. आईसाठी शिवताना पाठीचा कागद खवाट्याच्या उंचीवर मधल्या रेघेपासून मुंढ्यापर्यंत कापावा. मुंढ्याशी मात्र जोडलेला ठेवावा. मध्ये पाव ते अर्धा इंच फाकवून खाली पट्टी चिकटवावी व मधली रेघ पुन्हा सरळ आखावी. गळा किंचित रुंदावतो. ती वाढ गळ्यापाशी बारीक टक्स घालून मुरवावी. ही सारी कापाकाप बंद गळ्याच्या पाठीसाठी आहे. खोल गळ्यात ती जागाच उरत नाही.

एवढे झाले तरी साडीच्या तुकड्यास अजून हात लावू नये. गुळगुळीत साटिनवर उसवलेल्या टाक्यांची भोके राहून जातात. त्यापेक्षा अस्तर आधी कापावे. सुती अस्तर भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे, म्हणजे पुढे आटणार नाही. बगलेत इंचभर माया सोडून मोठ्या कच्च्या टाक्यांनी ते जोडावे, घालून पाहावे, हात वर करावे, खाली बसावे, वाकावे. जेथे सैल तेथे टाचणी, जेथे घट्ट तेथे टाके उसवून खडूची खूण. नंतर अस्तर उसवून प्रत्येक खूण कागदावर उतरवावी. मांजरपाटावर प्रयोग केला तरी चालतो, पण अस्तर वाया जात नाही, हा त्याचा फायदा.

सुधारलेल्या कागदावर नाव, माप आणि तारीख लिहून तो गुंडाळून ठेवावा, घड्या घालू नयेत. आईचा कागद पुष्कळ दिवस चालेल. शाळकरी मुलीचा मात्र दर सहा महिन्यांनी टेप लावून तपासावा, आणि तिच्या पोलक्यातील बगलेची माया कापून टाकू नये. पुढच्या वर्षी तीच उसवावी लागते.