चिमूटभर मीठ आणि विकासदर

१९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगावमधील छावणीत कॉलऱ्याने थैमान घातले होते. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते रुग्णांना पाजायला सुरुवात केली. जवळपास ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूंचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. आतड्यातून शोषली जाताना साखर सोडियमलाही सोबत नेते आणि त्यांच्यामागून पाणी शरीरात शिरते. या मिश्रणाचे, म्हणजे जलसंजीवनीचे, शास्त्र ते एवढेच.

१९८० ते १९९० या काळात बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’ संस्थेच्या कार्यकर्त्या ही विद्या घेऊन एक कोटीहून अधिक घरांत गेल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. नंतर तपासनीस येऊन आईला किती आठवते ते पाहत आणि त्यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरे. मला या मोहिमेतली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते: किती घरे झाली यापेक्षा आई काय शिकली, हे मोजले गेले.

जीडीपीचा हिशेब वेगळा असतो. जुलाबाने मरगळलेले मूल खासगी दवाखान्यात दाखल झाले, बिल झाले, की जीडीपीत भर पडते. आईने घरीच पाणी पाजून त्याला वाचवले, तर मीठ-गुळाचे चार पैसे सोडता नोंद काहीच नाही. तिच्या श्रमाला त्या वहीत रकानाच नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीचा पाया घालणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्येच अमेरिकन काँग्रेसला बजावले होते, की या आकड्यावरून लोकांचे कल्याण ठरवता येत नाही.

याचे उदाहरण म्हणून अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांच्या २०१३ च्या पुस्तकातली तुलना पाहा. १९९० मध्ये भारताचे दरडोई उत्पन्न बांगलादेशाहून सुमारे ६० टक्क्यांनी जास्त होते. २०११ पर्यंत ते बांगलादेशाच्या जवळपास दुप्पट झाले. याच काळात हजार जन्मांमागे पाच वर्षांखालील मुलांचे मृत्यू भारतात ११४ वरून ६१ वर आले, बांगलादेशात मात्र १३९ वरून ४६ वर.

वाढ हवीच. तिच्याशिवाय लस, नळ, शाळा यांना पैसा कुठून येणार? पण तो पैसा मुलापर्यंत पोहोचला का, हे विकासदर सांगत नाही. जीडीपीचा आकडा आपल्याकडे दर तीन महिन्यांनी जाहीर होतो, बालमृत्यूचा अहवाल मात्र वर्षातून एकदा आणि तोही रखडत. पुढच्या वेळी आमदार विकासदर सांगू लागले, की त्यांना आपल्या जिल्ह्याचा बालमृत्यू दर विचारा.