डीझेल : निवड, साठवण आणि भरणी

कोलकाता शहराच्या नैर्ऋत्य भागात, हुगळी नदीच्या काठी, खिदिरपूरची गोदी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ती जहाजांना खुली झाली. त्याच दशकात, १८९७ साली, जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे रूडोल्फ डीझेल या अभियंत्याचे एंजिन यशस्वी ठरले. आज जहाजावर, धक्क्यावरील माल उचलणाऱ्या यंत्रात, पावसाचे पाणी उपसणाऱ्या पंपात आणि दुर्गापूजेच्या मंडपाबाहेरील वीजजनित्रात हेच एंजिन काम करते. इंधनही वरवर पाहता एकच दिसते. परंतु जहाजावरील तेल व धक्क्यावरील जनित्राचे तेल यांना लागू असलेले नियम भिन्न आहेत. हा भेद का, हे समजले म्हणजे डीझेल कसे निवडावे आणि कसे भरावे, हेही सहज समजेल.

प्रज्वलनांक

तेल द्रवरूपात पेटत नाही. पेटते ती त्याची वाफ. समईतील तेल वातीवाचून जळत नाही, हा घरोघरचा अनुभव आहे. ज्या किमान तापमानास तेलाच्या पृष्ठभागावर, ठिणगी पडताच क्षणभर भडका उडेल इतकी वाफ जमते, त्यास त्या तेलाचा प्रज्वलनांक म्हणतात. पेट्रोलचा प्रज्वलनांक शून्याखाली सुमारे ४०° से. असतो, त्यामुळे ते कोणत्याही ऋतूत ठिणगीने पेटते. डीझेलचा प्रज्वलनांक बराच वर असतो.

तो किती वर असावा, याविषयीचे नियम मात्र सर्वत्र सारखे नाहीत. समुद्रावरील जीवितरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जहाजाच्या इंधनाचा प्रज्वलनांक सर्वसाधारणपणे ६०° से. पेक्षा कमी असून चालत नाही. युरोपात वाहनांच्या डीझेलासाठी ही मर्यादा ५५° से. आहे. भारतीय मानकानुसार पंपावर मिळणाऱ्या डीझेलास किमान ३५° से. एवढेच बंधन आहे. म्हणजे त्यात तेलाचे अधिक हलके भाग असू शकतात. कोलकात्याच्या उन्हाळ्यात हवाच ४०° से. च्या आसपास जाते आणि उन्हातील लोखंडी पिंप त्याहूनही तापते. तेव्हा ‘डीझेल सहसा पेटत नाही’ हे परदेशी पुस्तकांतील आश्वासन आपल्याकडे जसेच्या तसे स्वीकारणे धोक्याचे आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानेही डीझेलास ज्वालाग्राही द्रवांच्या दुसऱ्या, म्हणजे ‘ब’ वर्गात ठेवले आहे.

तापलेल्या धातूचे भय

डीझेलचा आणखी एक गुण ध्यानात ठेवावा. डीझेल एंजिनात ठिणगी नसते. पंचपात्रात दाबलेली हवा इतकी तापते की, तीत फवारलेले तेल आपोआप पेटते. हे स्वयंज्वलन सुमारे २१०° ते २५०° से. या तापमानास होऊ शकते. पेट्रोलास त्याहून अधिक तापमान लागते. चालत्या यंत्राची धूरनळी याहूनही तापलेली असू शकते. म्हणून पेट्रोलाच्या बाबतीत ठिणगीस जितके जपावे, तितकेच डीझेलाच्या बाबतीत तापलेल्या धातूस जपावे.

भरणीचे नियम

यंत्र बंद करावे व निवू द्यावे. मंडपातील दिवे जातील म्हणून चालत्या जनित्रातच तेल ओतण्याची घाई अनेक ठिकाणी दिसते. ती टाळण्यासाठी भरणीची वेळ आधीच ठरवावी. जवळपास विडी, दिवा वा जोडकामाची ठिणगी नसावी. वाहत्या तेलामुळे स्थिर विद्युत् साचते. यास्तव पंपावर नेलेले भांडे गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवावे आणि नळीचे तोंड भांड्याच्या तोंडास टेकवून सावकाश भरावे. पूर्वी पेट्रोल असलेले भांडे डीझेलास वापरू नये. टाकी काठोकाठ भरू नये. तापमान २०° से. ने वाढल्यास २०० लिटर डीझेल सुमारे ३ लिटरांनी फुगते. त्यास जागा हवी. सांडलेले तेल पुसून घ्यावे व चिंधी झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकावी, कारण भिजलेली चिंधी वातीचे काम करते.

नळी तोंडाने ओढून डीझेल कधीही काढू नये. ते फुप्फुसात गेल्यास गंभीर दाह होतो. चुकून गिळले गेल्यास उलटी करवू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. रिकाम्या पिंपास जोडकाम करणे वा ते कापणे तर भरलेल्या पिंपाहूनही घातक, कारण त्यात वाफ व हवा यांचे स्फोटक मिश्रण असू शकते.

योग्य तेलाची निवड

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ प्रतीचे डीझेल मिळते. त्यात दर दशलक्ष भागांत गंधकाचे १० हून अधिक भाग नसतात आणि तेल किती त्वरेने पेटते हे दर्शविणारा सीटेन अंक किमान ५१ असतो. यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल वापरावे. स्वस्त पडते म्हणून रॉकेल मिसळणे बेकायदेशीर तर आहेच. शिवाय त्याने वंगणाचा गुण घटून इंधनपंप झिजतो. पेट्रोल मिसळल्यास प्रज्वलनांकही खाली येतो.

प्रदेशानुसारही निवड बदलते. कडक थंडीत डीझेलातील मेण गोठते. म्हणून लडाखसाठी २०१९ साली शून्याखाली ३३° से. पर्यंत वाहते राहणारे डीझेल पुरवण्यास प्रारंभ झाला. खिदिरपुरास त्याची गरज नाही. तेथील शत्रू म्हणजे दमट हवा. अर्धवट रिकाम्या टाकीत रात्री बाष्पाचे पाणी होऊन तळाशी साचते. तेल व पाणी यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात, त्यांचा चिकट गाळ गाळणीत तुंबतो आणि यंत्र ऐन वेळी बंद पडते. यास्तव दिवसाचे काम संपल्यावर, यंत्र निवल्यानंतर, फुगण्यापुरती जागा ठेवून टाकी भरावी. तळाचे पाणी वेळोवेळी काढून टाकावे आणि पिंपे सावलीत, हवेशीर जागी ठेवावीत.

एवढे करूनही आग लागलीच, तर पाण्याचा झोत मारू नये. तेल पाण्यावर तरंगत पसरते व आगही त्यासवे पसरते. कोरडी भुकटी, फेस किंवा वाळू जवळ असावी. जहाजावर इंधनाच्या प्रतीचा कडक नियम खलाशाचे रक्षण करतो. धक्क्यावरील तेलास तशी मर्यादा नाही. म्हणून तेथे ते काम भरणाऱ्याच्या दक्षतेलाच करावे लागते.