परसातली शेवंती आणि तिचा खोडवा

उसाच्या पानांत फुलांचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण दसरा-दिवाळी आली की आपल्यातलीच मंडळी पिशवी घेऊन बाजारात शेवंतीच्या ढिगापुढे भाव करत उभी असतात. दारात पाणी, परसात जागा, आणि तोरणाची फुले विकत! पैशाचे एक वेळ सोडा. घरातली जुनी शेवंती मोडली की तो वाणच जातो, हे मोठे नुकसान. झिप्री, राजा, पिवळी रेवडी, पांढरी रेवडी ही नावे जुन्या बायकांच्या तोंडी असतात; परसात जाऊन पाहिले तर रोप सापडेलच असे नाही. बियांपासून आईसारखेच फूल येईल याचा भरवसा नसतो. म्हणून काशी गेली की वाण गेला.

काशी म्हणजे शेवंतीच्या बुडातून मातीखालून निघणारा मुळ्यांसकट फुटवा. ऊसवाल्याला हे निराळे सांगायला नको, हा शेवंतीचा खोडवाच. बहर संपला की वाळकी ताटे जमिनीपासून वीतभर ठेवून छाटावीत, भोवतीची माती हलवून शेणखत द्यावे व बेताचे पाणी ठेवावे. थोड्याच दिवसांत बुडाभोवती कोवळ्या काश्यांची दाटी होते.

इथेच बहुतेक घरांत चुकते. दाटी पाहून समाधान वाटते व ताटवा तसाच राहतो. खोडव्याचा खोडवा ठेवत गेले तर टनेज घटते, हे आपण जाणतो; शेवंतीतही तेच होते. मधला भाग जुनाट होतो, फूल बारीक पडते, रोग मुळाशी घर करतो. दरवर्षी काश्या सोडवून, जोमदार तेवढ्या निवडून, नव्या जागी लावणे हाच उपाय. लागण एप्रिल-मे महिन्यांत, फूटभर अंतराने करावी. महिन्याभराने शेंडा खुडावा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटून झाड घेरदार होते. शेंडा खुडायला जीव होत नाही खरा, पण खुडावाच.

पाण्याबाबत मात्र उसाची सवय सोडावी. उसाला दिले तसे पाटाने भरून दिलेले पाणी शेवंतीला मानवत नाही. दोन दिवस पाणी तुंबले की मुळे कुजतात. मोरीच्या सांडपाण्यावर लावलेली शेवंती पावसाळ्यात बसते ती यामुळेच. चांगली वीतभर उंच गादी करावी, निचरा ठेवावा. मळीचे खत घालायचे तर पूर्ण कुजलेले घालावे. ताजी मळी कुजताना तापते.

आता एक गंमत. एकाच घरची, एकाच दिवशी लावलेली शेवंती. अर्धी दसऱ्याला फुलते, अर्धी हिरवीगार उभी. बाई म्हणतात, दृष्ट लागली. आम्ही म्हणतो, आधी गोठ्याचा दिवा पाहा! शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड रात्र लागते. मध्यरात्री काही वेळ उजेड पडला तरी तिच्या लेखी रात्र मोडते. दिवस-रात्रीच्या लांबीवर झाडाचा फुलोरा ठरतो हे गार्नर व अ‍ॅलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1920 साली तंबाखू व सोयाबीनवर दाखवून दिले. आपल्या उसाला तुरा येतो त्यातही दिवसाच्या लांबीचा हात असतोच. फरक एवढा की तुरा आपल्याला नको असतो व शेवंतीचे फूल हवे असते. तेव्हा रात्रभर जळणाऱ्या दिव्यापासून ताटवा दूर धरावा. दिवसा मात्र त्याला भरपूर ऊन हवे.

कळ्यांवर काळा मावा दिसला तर 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा. दोन-चार झाडांवर असेल तर शेंडा मोडून टाकला तरी भागते. पुजेच्या फुलांवर उसाच्या शेतातले उरलेले औषध मारू नये. ती फुले पोरेबाळे हाताळतात, बायका केसांत माळतात.

छाटणी वेळेवर झाली असेल तर संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत काश्या वर आलेल्या असतात. रथसप्तमीपर्यंत ते चालतेच. प्लॅस्टिकच्या डब्या लुटण्यापेक्षा या खेपेस काशीच वाण म्हणून द्यावी. मुळाशी मातीचा गोळा ठेवावा, ओल्या फडक्यात गुंडाळावी, आणि फूल कोणत्या रंगाचे, मूळ कोणाच्या माहेरचे, तेही देताना सांगावे.